सिनेमायात : अरब चित्रपटांच्या एका फिरत्या महोत्सवाचा इतिहास

प्रास्ताविक

सॅन फ्रान्सिस्को येथे १९९६ मध्ये स्थापन झालेला आणि १९९७ पासून प्रत्यक्ष खेळ दाखवू लागलेला ‘अरब फिल्म फेस्टिव्हल’ हा उत्तर अमेरिकेतील अरब चित्रपटांचा सर्वांत जुना स्वतंत्र महोत्सव म्हणून ओळखला जातो. बहुतेक चित्रपट महोत्सव एका शहरात भरतात, आणि प्रेक्षकाने तेथे यावे अशी त्यांची अपेक्षा असते. या महोत्सवाने मात्र आरंभीच्या काळापासून स्वतःच प्रेक्षकाकडे जाण्याची पद्धत स्वीकारली. सॅन फ्रान्सिस्कोबरोबर बर्कली, ओकलंड, सॅन होजे, लॉस एंजलिस आणि काही वर्षे सॅन दिएगो अशा मुक्कामांवर त्याने आपला पडदा उभारला. ही पद्धत सोयीपोटी आलेली नव्हती. कॅलिफोर्नियातील अरब वस्ती जशी राज्यभर विखुरलेली आहे आणि तिच्या प्रत्येक भागाचे मूळ गाव, बोली, धर्म व स्थलांतराचे कारण जसे निराळे आहे, तसाच तिच्यासाठी काढलेला महोत्सवही अनेक ठिकाणी आणि अनेक रूपांत जाणे आवश्यक होते. ‘अरब’ हा शब्द अनेकवचनी आहे, ही या संस्थेची मूळ भूमिका असून तिच्या नावात, चित्रपटांच्या निवडीत आणि प्रवासाच्या मार्गात ती सारखीच दिसून येते. प्रस्तुत लेखात संस्थेच्या वाटचालीचा आढावा याच भूमिकेच्या अनुषंगाने घेतला आहे.

‘अरब’ या शब्दाची व्याप्ती

अरब राष्ट्रसंघात २२ सदस्य आहेत. अटलांटिक महासागराच्या काठावरील मॉरितानिया व मोरोक्कोपासून ओमानपर्यंत आणि दक्षिणेकडे सुदान, सोमालिया व कोमोरोस बेटांपर्यंत हा प्रदेश पसरला आहे. या सर्वांना जोडणारा मुख्य धागा अरबी भाषेचा आहे. मात्र त्या प्रदेशात राहणारा प्रत्येक माणूस अरब नाही, प्रत्येक अरब मुसलमान नाही आणि प्रत्येक मुसलमान अरब नाही. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती व नूबियन, लेबनॉनमधील मॅरोनाइट ख्रिस्ती व द्रुझ, उत्तर आफ्रिकेतील अमाझिघ (ज्यांना पूर्वी बर्बर म्हटले जाई) आणि इराक व सीरियातील कुर्द हे सर्व या प्रदेशाच्या सांस्कृतिक जीवनाचे घटक आहेत. अरबी बोलणाऱ्या यहुदी समाजाचाही या यादीत समावेश करावा लागतो. महाराष्ट्राला हा समाज अपरिचित नाही. १८३२ च्या सुमारास मुंबईत आलेले डेव्हिड ससून हे बगदादचे होते, आणि पुण्यातील लाल देऊळ तसेच ससून रुग्णालय यांच्या इतिहासामागे बगदादहून निघालेल्या याच अरबी भाषक घराण्याचे स्थलांतर आहे.

भाषेचा धागाही वाटतो तितका सरळ नाही. लेखनातील प्रमाण अरबी सर्वत्र जवळपास एकच असली, तरी घरात आणि रस्त्यावर बोलल्या जाणाऱ्या बोली एकमेकींपासून फार दूर गेल्या आहेत. ‘आत्ता’ या अर्थाचा रोजचा शब्द घेतला, तर कैरोचा माणूस ‘दिल्वअती’ म्हणतो, बैरुत व दमास्कसचा ‘हल्लअ’, बगदादचा ‘हस्सा’ आणि कासाब्लांकाचा ‘दाबा’. पुस्तकी अरबीतील ‘अल-आन’ या चौघांनाही समजतो, पण घरात तो कोणी वापरत नाही. मालवणी, अहिराणी आणि वऱ्हाडी ज्यांनी ऐकल्या आहेत त्या मराठी वाचकाला ही स्थिती काही अंशी ओळखीची वाटेल. तथापि अरब बोलींतील अंतर त्याहून पुष्कळच अधिक आहे. परिणामी मोरोक्कोचा चित्रपट पाहताना इराकी किंवा पॅलेस्टिनी प्रेक्षकालाही पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या उपशीर्षकांचा आधार घ्यावा लागतो. परदेशातील महोत्सवात ही उपशीर्षके इंग्रजीत असतात, आणि त्यामुळे एका अरब प्रदेशाचे बोलणे दुसऱ्या अरब प्रदेशातून आलेल्या माणसापर्यंत पुष्कळदा इंग्रजीच्या वाटेने पोहोचते. उपशीर्षकांची सोय अमेरिकन पाहुण्यांसाठी केली जाते असा समज सामान्यतः असतो. या महोत्सवात ती अरबांनी परस्परांना समजून घेण्याचेही साधन ठरली आहे.

पार्श्वभूमी : वस्ती

स्थलांतरित होऊन परदेशात रुजलेला आणि मूळ भूमीशी भावनिक, भाषिक वा कौटुंबिक नाते टिकवून असलेला समाज या अर्थी ‘डायस्पोरा’ हा शब्द आता अभ्यासकांत रूढ आहे. अमेरिकेतील अरब डायस्पोराची पहिली लाट १८८० च्या दशकात माउंट लेबनॉन व त्याभोवतीच्या तत्कालीन ऑटोमन सीरियातून आली. त्यांत ख्रिस्ती बहुसंख्य होते, आणि पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव किरकोळ माल विकणे हा त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला व्यवसाय होता. वि. स. खांडेकरांनी ज्यांच्या रूपककथांची ओळख मराठी वाचकांना करून दिली ते खलील जिब्रान याच लाटेतले. लेबनॉनमधील बशर्री गावातून १८९५ मध्ये आईबरोबर ते बॉस्टनला पोहोचले होते.

या लोकांना अमेरिकेच्या कायद्यापुढे स्वतःची ओळख सिद्ध करावी लागली. नागरिकत्व मुख्यतः ‘गौरवर्णीय’ व्यक्तींपुरते राखलेले असल्यामुळे सीरियातून आलेला माणूस गौरवर्णीय ठरतो किंवा कसे, हा प्रश्न न्यायालयात गेला आणि जॉर्ज डाऊ यांच्या प्रकरणात १९१५ मध्ये त्याचा निकाल होकारार्थी लागला. पुढे १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात तोच प्रश्न एका भारतीयाबाबत उपस्थित झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो नकारार्थी निकाली काढला. डाऊ निकालाचा एक दूरगामी परिणाम असा झाला की, सरकारी नोंदींत अरब ‘गौरवर्णीय’ या सदरात विरघळून गेले आणि त्यांची स्वतंत्र गणना जवळपास शतकभर झाली नाही. ‘मध्य-पूर्व व उत्तर आफ्रिका’ असे वेगळे सदर केंद्र शासनाच्या नियमांत मार्च २०२४ मध्ये आले. एका बाजूला कागदावर हा समाज दिसत नव्हता आणि दुसऱ्या बाजूला चित्रपटांच्या पडद्यावर तो सतत, पण एकाच रूपात दिसत होता. या विसंगतीतून महोत्सवाची गरज निर्माण झाली.

पार्श्वभूमी : प्रतिमा

हॉलिवूडने अरब माणसाची जी प्रतिमा घडवली तिची सुरुवात मूकपटांच्या काळातच झाली. रुडॉल्फ व्हॅलेंटिनो यांचा ‘द शेख’ १९२१ मध्ये आला, आणि वाळवंट, तंबू, घोडा, पळवून नेलेली स्त्री व क्रूर पण मोहक टोळीनायक ही चौकट त्याने पक्की केली. पुढे या चौकटीत तेलाच्या पैशाने माजलेला अमीर आला, त्यानंतर विमान पळवणारा आला आणि १९९४ च्या ‘ट्रू लाइज’मध्ये अणुबॉम्ब बाळगणारा आला. लेबनीज स्थलांतरितांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले अभ्यासक जॅक शाहीन यांनी अनेक वर्षे खपून नऊशेहून अधिक चित्रपट तपासले आणि २००१ मध्ये ‘रील बॅड अरब्ज’ या ग्रंथात त्यांचे निष्कर्ष मांडले. अरब व्यक्तिरेखा स्पष्टपणे चांगल्या रंगवलेले जेमतेम डझनभर चित्रपट त्यांना या ढिगाऱ्यात आढळले.

ही प्रतिमा मुलांच्या चित्रपटांतूनही सुटलेली नव्हती. डिस्नेचा ‘अलादीन’ १९९२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या आरंभगीतात अरब देशात चेहरा पसंत पडला नाही तर कान कापतात अशा अर्थाच्या ओळी होत्या. अरब-अमेरिकन संघटनांनी त्यांविरुद्ध आवाज उठवल्यावर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत त्या ओळी बदलण्यात आल्या. निषेधाने एक ओळ बदलता येते हे यातून सिद्ध झाले. तथापि प्रतिमा बदलण्यासाठी तिच्या जागी दुसऱ्या अनेक प्रतिमा आणून ठेवाव्या लागतात, आणि निषेधाच्या पत्रकांनी ते काम होत नाही, हेही याच अनुभवाने दाखवून दिले. अरबांनी स्वतः काढलेले चित्रपट अस्तित्वात होते, पण अमेरिकन प्रेक्षकापर्यंत ते पोहोचत नव्हते. ही उणीव भरून काढणे हेच महोत्सवाचे कार्य ठरले.

स्थापना आणि नाव

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील अरब-अमेरिकन कार्यकर्ते व चित्रपटप्रेमी यांनी १९९६ मध्ये ना-नफा तत्त्वावर संस्था स्थापन केली आणि पुढील वर्षी पहिला महोत्सव भरवला. महोत्सवाला आरंभी ‘सिनेमायात’ असे नाव होते. ‘आत’ हा अरबीतील स्त्रीलिंगी अनेकवचनाचा प्रत्यय असून ‘सिनेमा’ या जगभर पसरलेल्या शब्दाला तो जोडल्यामुळे ‘सिनेमाविषयीच्या अनेक गोष्टी’ असा आशय त्यातून व्यक्त होतो. एक अरब सिनेमा नाही, अरब सिनेमे आहेत, असे संस्थेने नावातूनच सांगितले होते. पॅरिसमधील अरब जगत संस्थेने १९९२ पासून जो द्वैवार्षिक महोत्सव भरवला, त्याच्या फ्रेंच नावातही ‘अरब सिनेमे’ असेच अनेकवचन होते. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंच्या संयोजकांना एकाच गोष्टीवर भर द्यावासा वाटला, हे लक्षणीय आहे.

स्थापनेचा काळही अनुकूल होता. इजिप्तचे दिग्दर्शक युसुफ शाहीन यांना १९९७ मध्येच कान महोत्सवाने आपल्या पन्नासाव्या वर्षाचे विशेष पारितोषिक एकूण कारकिर्दीसाठी दिले. ट्युनिशियाच्या मुफिदा त्लात्ली यांचा ‘सायलेन्सेस ऑफ द पॅलेस’ १९९४ मध्ये आणि पॅलेस्टिनी दिग्दर्शक एलिया सुलेमान यांचा ‘क्रॉनिकल ऑफ अ डिसॲपिअरन्स’ १९९६ मध्ये आला होता. दाखवण्याजोगे पुष्कळ होते आणि ते दाखवणारे कोणी नव्हते, अशा वेळी संस्थेने कामाला सुरुवात केली.

महोत्सवामागील चित्रपट परंपरा

महोत्सव ज्या भांडारातून निवड करतो ते किती जुने आहे, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. ल्यूमिएर बंधूंचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अलेक्झांड्रियातील प्रेक्षकांनी तो पाहिला. म्हणजे मराठी आणि अरब प्रेक्षकांची चित्रपटाशी ओळख काही महिन्यांच्या अंतराने झाली. पुढील वाटचालीतही साम्य आढळते. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली, तर अर्थतज्ज्ञ तलअत हर्ब यांच्या बँक मिस्रने कैरोत १९३५ मध्ये ‘स्टुडिओ मिस्र’ सुरू केला. गायिका उम्म कुलसूम यांची भूमिका असलेला स्टुडिओ मिस्रचा ‘विदाद’ १९३६ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गेला, आणि १९३७ मध्ये प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने तेथेच मानाचे स्थान मिळवले.

इजिप्तच्या चित्रपटांनी आणि गाण्यांनी कैरोची बोली घराघरांत नेली, त्यामुळे ती सर्व अरब देशांत समजली जाऊ लागली. अल्जिरिया, ट्युनिशिया व मोरोक्को यांचे चित्रपट मात्र स्वातंत्र्यानंतर उभे राहिले आणि अनेकदा फ्रेंच अर्थसाहाय्यावर विसंबून राहिले. अल्जिरियाच्या मुहम्मद लखदर-हमिना यांच्या ‘क्रॉनिकल ऑफ द इयर्स ऑफ फायर’ला १९७५ मध्ये कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ट्युनिसमध्ये १९६६ साली सुरू झालेल्या कार्थेज महोत्सवाने अरब आणि आफ्रिकी दिग्दर्शकांना आपल्या भूमीवर एकत्र आणले. तरीही अरब देशांतील चित्रपटगृहांत एकमेकांचे चित्रपट क्वचितच लागतात, कारण वितरणाचे जाळे प्रामुख्याने इजिप्शियन आणि अमेरिकन चित्रपटांच्या हाती राहिले आहे. कासाब्लांकाचा चित्रपट अम्मानच्या माणसाला अम्मानपेक्षा परदेशातील महोत्सवात पाहायला मिळण्याची शक्यता अधिक असते, ही वस्तुस्थिती अशा महोत्सवांचे मोल स्पष्ट करते.

डायस्पोराचा सिनेमा हा या भांडाराचा दुसरा भाग होय, आणि कॅलिफोर्नियाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. सीरियातील अलेप्पो येथे जन्मलेले मुस्तफा अक्काद लॉस एंजलिसमध्ये चित्रपटविद्या शिकले आणि १९७६ मध्ये प्रदर्शित झालेला इस्लामच्या उदयावरील चित्रपट त्यांनी दोनदा चित्रित केला. तीच दृश्ये, तीच ठिकाणे, पण अरबी आवृत्तीसाठी अब्दुल्ला गैथ आदी अरब नट आणि ‘द मेसेज’ या इंग्रजी आवृत्तीसाठी अँथनी क्विन आदी पाश्चात्त्य नट अशी दुहेरी योजना त्यांनी केली. दोन प्रेक्षकांशी दोन भाषांत बोलावे लागणाऱ्या स्थलांतरिताची स्थिती याहून नेमकी दाखवता येणार नाही. लेबनॉनचे झियाद दुएरी सॅन दिएगोत शिकले, हॉलिवूडमध्ये छायाचित्रणाचे साहाय्यक म्हणून राबले आणि १९९८ मध्ये ‘वेस्ट बैरुत’मध्ये त्यांनी यादवी युद्धाच्या काळातील आपल्या शहरामधले बालपण उभे केले. शेरिन दाबिस यांच्या २००९ च्या ‘अमरीका’मध्ये पॅलेस्टाइनमधून इलिनॉयला आलेली बँक कर्मचारी स्त्री एका उपाहारगृहात काम धरते आणि ते घरच्यांपासून लपवते. वाळवंट वा तलवार नसलेल्या या कथेत भाडे, शाळा आणि मान एवढेच प्रश्न आहेत.

चित्रपटाचा परिणाम पडद्यापलीकडेही जाऊ शकतो, याचेही उदाहरण याच प्रवाहात आहे. रशीद बुशारेब यांच्या २००६ च्या ‘डेज ऑफ ग्लोरी’ने फ्रान्ससाठी दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या उत्तर आफ्रिकी सैनिकांची उपेक्षा दाखवली, आणि त्याच वर्षी फ्रेंच शासनाने जुन्या वसाहतींतील सैनिकांचे निवृत्तिवेतन फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीला आणण्याचा निर्णय घेतला.

मुक्काम आणि वस्त्या

महोत्सवाच्या मार्गावरील प्रत्येक शहर डायस्पोराचा एक वेगळा अध्याय आहे. सॅन फ्रान्सिस्कोत रामल्ला व त्याच्या परिसरातून आलेली पॅलेस्टिनी कुटुंबे अनेक दशकांपासून स्थायिक आहेत, आणि शहरातील कोपऱ्यांवरची किराणा दुकाने चालवणाऱ्यांत त्यांचे प्रमाण मोठे राहिले आहे. याच शहरातील कॅस्ट्रो थिएटरमध्ये महोत्सवाच्या उद्घाटनाचे खेळ वेळोवेळी झाले. ‘द शेख’ पडद्यावर आला त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२२ मध्ये, उघडलेल्या या भव्य जुन्या चित्रपटगृहात अरब दिग्दर्शकांनी स्वतःच्या गोष्टी घेऊन उभे राहावे, यात एका दीर्घ वर्तुळाची पूर्तता दिसते.

उपसागराच्या पूर्वेकडील ओकलंडमध्ये येमेनी समाज मोठा आहे. येमेनमधून आलेले तरुण १९६० व ७० च्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील द्राक्षमळ्यांत मजुरी करत होते. त्यांपैकी २४ वर्षांचे नागी दैफल्ला १९७३ च्या शेतमजूर संपात पोलीस अधिकाऱ्याच्या प्रहाराने मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या अंत्ययात्रेत शेतमजुरांचे नेते सेझर चावेझ यांच्यासह हजारो मजूर चालले. अमेरिकेच्या कामगार चळवळीच्या इतिहासातील हे अरब नाव हॉलिवूडच्या एकाही चौकटीत बसणारे नाही. शेजारच्या बर्कलीत विद्यापीठामुळे विद्यार्थी व अभ्यासकांचा प्रेक्षकवर्ग आहे.

सॅन होजे व सिलिकॉन खोऱ्यात अरब देशांतून आलेल्या अभियंत्यांची पिढी आहे. देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडणाऱ्या १९६५ च्या कायद्याने तिच्यासाठी दार उघडले, आणि त्याच दाराने मराठी अभियंतेही तेथे आले. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४ चे अधिवेशन सॅन होजेतच भरले होते. स्वभाषेतील नाटक वा चित्रपट मुलांना दाखवण्यासाठी जागा भाड्याने घेणे, वर्गणी गोळा करणे आणि दुसऱ्या पिढीला भाषा कळेल ना या चिंतेत राहणे हा अनुभव या दोन्ही समाजांना चांगलाच परिचयाचा आहे.

लॉस एंजलिसचा मुक्काम प्रतिमा घडवणाऱ्या उद्योगाच्या दारातील आहे. त्याच्या दक्षिणेला ॲनाहाइममधील ब्रुकहर्स्ट रस्त्यावर अरब दुकाने, भटारखाने व उपाहारगृहे यांची जी वस्ती उभी राहिली तिला नगरपरिषदेने २०२२ मध्ये ‘लिटल अरेबिया’ म्हणून अधिकृत मान्यता दिली. सॅन दिएगोजवळच्या एल कहोनमध्ये इराकमधून आलेल्या खाल्डियन ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांची मातृभाषा अरमाइक कुळातील असून त्यांच्यापैकी अनेकजण स्वतःला अरब म्हणवून घेत नाहीत. संस्थेच्या मूळ भूमिकेची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते. इराकचा चित्रपट त्यांचाही आहे, पण ‘अरब’ हे नाव त्यांच्यावर लादता येत नाही. विविधतेचा आदर करायचा असेल, तर नाव नाकारण्याचा अधिकारही मान्य करावा लागतो.

कार्यपद्धती

महोत्सवाचे काम वर्षभर चालते. दिग्दर्शकांकडून चित्रपट मागवणे, निवड समितीने ते पाहणे, कथापट, माहितीपट व लघुपट अशी वर्गवारी करणे, प्रदर्शनाचे हक्क मिळवणे, उपशीर्षके तपासणे आणि प्रत्येक शहरातील चित्रपटगृहाशी तारखा ठरवणे, असा हा क्रम असतो. तिकिटे, देणग्या आणि अनुदाने यांवर खर्च भागवला जातो, आणि स्वयंसेवकांच्या श्रमाशिवाय तो भागत नाही.

आरंभीच्या वर्षांत फिरत्या महोत्सवाचा भार शब्दशः भार होता. पस्तीस मिलिमीटर फितीवरील शंभर मिनिटांच्या चित्रपटाची लांबी सुमारे २,७०० मीटर भरते, आणि ती पाच रिळांत विभागून पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यांत ठेवली जाते. अशी प्रिंट कैरो, ट्युनिस वा पॅरिसहून मागवायची, सीमाशुल्काचे सोपस्कार पार पाडायचे, एका शहरातील खेळ संपताच रिळे गुंडाळून पुढच्या शहरात वेळेवर पोहोचवायची आणि अखेरीस सुस्थितीत परत पाठवायची, असे हे काम असे. अनेक दिग्दर्शकांकडे उपशीर्षके असलेली प्रिंट एकच असल्यामुळे तिच्या पोहोचण्यावर साऱ्या वेळापत्रकाचा तोल राही. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजलिस हे अंतर सहाशे किलोमीटरांच्या घरात आहे. पुढे चित्रपट डिजिटल झाला, डब्यांची जागा लहानशा हार्ड डिस्कने घेतली आणि प्रवास हलका झाला. प्रेक्षकाला एकत्र आणण्याचे काम मात्र पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले.

चित्रपटानंतरचा संवाद हा महोत्सवाचा महत्त्वाचा भाग आहे. दिग्दर्शक उपस्थित असेल तर प्रेक्षक त्याला प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांतून चित्रपट कसा घडला हेही उलगडते. उदाहरणार्थ, हैफा अल-मन्सूर यांनी ‘वज्दा’ (२०१२) हा संपूर्णपणे सौदी अरेबियात चित्रित झालेला पहिला कथापट दिग्दर्शित केला, तेव्हा रस्त्यावरील पुरुषांसमवेत उघडपणे काम करणे स्त्रीला शक्य नसल्याने त्या मोटारीत बसून वॉकी-टॉकीवरून सूचना देत असत. सायकल हवी असलेल्या मुलीची ती गोष्ट, दिग्दर्शिका स्वतः कोठे बसली होती हे कळल्यावर निराळ्या अर्थाने मनात उतरते. सौदी अरेबियातील सार्वजनिक चित्रपटगृहे पस्तीसहून अधिक वर्षांनंतर २०१८ मध्ये पुन्हा उघडली, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावे लागते.

उत्तम चित्रपटांना महोत्सवातर्फे ‘नूर’ पारितोषिके दिली जातात. नूर म्हणजे प्रकाश. मराठीतही तेज या अर्थाने हा शब्द परिचित आहे, आणि ज्या कलेचे सारे अस्तित्व अंधारातील प्रकाशझोतावर उभे आहे तिच्या पारितोषिकाला तो समर्पक आहे. शाळांतील विद्यार्थ्यांसाठी खेळ आयोजित करण्याचाही उपक्रम संस्थेने राबवला. चौकटीतली प्रतिमा बालवयातच मनात बसत असल्याने तिच्यावरचा उपायही त्याच वयात करणे योग्य, हे त्यामागील सूत्र होय.

कसोटीचा काळ

संस्था स्थिरावत असतानाच ११ सप्टेंबर २००१ चे हल्ले झाले आणि अमेरिकेतील अरबांकडे पाहण्याची नजर एका दिवसात कठोर झाली. ठरावीक देशांतून आलेल्या पुरुषांनी स्वतःहून हजर राहून नोंदणी करावी, अशी योजना २००२ मध्ये लागू झाली. ऐंशी हजारांहून अधिक व्यक्तींना तिच्याखाली नोंद करावी लागली. अशा वातावरणात अरब चित्रपट सार्वजनिक ठिकाणी दाखवणे हे धैर्याचे काम होते, आणि त्याची गरजही पूर्वीपेक्षा वाढली होती. पुढील काळात कार्यकारी संचालकपद सांभाळणारे मिशेल शेहादे यांचे जीवन या संघर्षाचेच उदाहरण आहे. राजकीय संबंधांच्या आरोपावरून १९८७ मध्ये लॉस एंजलिस परिसरात अटक झालेल्या आठजणांपैकी ते एक होते, आणि त्यांना देशाबाहेर काढण्याची कारवाई वीस वर्षे रेंगाळून २००७ मध्ये संपुष्टात आली. आपल्यावरील एकांगी चित्राला इतकी वर्षे उत्तर देत आलेल्या माणसाने अखेर चित्रपटांच्या संस्थेची धुरा घ्यावी, ही संस्थेच्या इतिहासातील अर्थपूर्ण घटना आहे.

२०१७ च्या जानेवारीतील अमेरिकेच्या प्रवेशबंदीच्या आदेशात सात देश होते आणि त्यांपैकी इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया व येमेन हे सहा अरब राष्ट्रसंघाचे सदस्य होते. चित्रपट सीमा ओलांडू शकत होता, पण तो घडवणाऱ्याचे येणे अनिश्चित झाले होते. २०२० मध्ये महासाथीमुळे चित्रपटगृहे बंद पडली, तेव्हा महोत्सव आंतरजालावर हलवावा लागला. फिरणे हाच ज्याचा स्वभाव, त्याने अशा वर्षी घराघरांत प्रवेश केला, आणि २०२१ मध्ये आपल्या पंचविसाव्या आवृत्तीपर्यंतचा टप्पा गाठला. दरम्यानच्या काळात, गेल्या दशकाच्या उत्तरार्धात, संस्थेने ‘अरब फिल्म अँड मीडिया इन्स्टिट्यूट’ असे व्यापक नाव धारण केले. महोत्सव हा आता तिच्या वर्षभराच्या कार्यक्रमांपैकी मध्यवर्ती कार्यक्रम आहे.

समकालीन संस्था

हे काम एकट्या कॅलिफोर्नियात झालेले नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिम उपनगरांत २००१ मध्ये अरब चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि पुढे तो इतर शहरांत फिरू लागला. पॅरामॅटा हे त्याचे एक प्रमुख ठिकाण असून लगतच्या हॅरिस पार्कमध्ये लेबनीज मॅरोनाइट समाजाचे मोठे चर्च आहे; तेच उपनगर आज ‘लिटल इंडिया’ म्हणूनही ओळखले जाते, आणि सिडनीतील मराठी कुटुंबांना तेथील रस्ते परिचित आहेत. मिनेसोटात ‘मिझ्ना’ या संस्थेने, बर्लिनमध्ये ‘अलफिल्म’ने, स्वीडनच्या माल्मो शहरात तेथील अरब महोत्सवाने आणि लंडनमध्ये ‘सफर’ने असेच कार्य उभारले. ‘सफर’ या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला सांगण्याची आवश्यकता नाही. प्रवास हे निवडीचे आणि नावाचेही सूत्र व्हावे, हे या संस्थांच्या समान जाणिवेचे द्योतक आहे.

समारोप

एखाद्या समाजाविषयीचे खोटे चित्र एका उत्तराने पुसले जात नाही. ते पुसण्यासाठी खऱ्या चित्रांची संख्या वाढवावी लागते. जॉर्डनच्या वादी रम या खोऱ्यात १९६० च्या दशकारंभी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चे चित्रीकरण झाले, तेव्हा अरब राजपुत्र फैसलची भूमिका एका ब्रिटिश नटाने केली होती. त्याच खोऱ्यात नाजी अबू नुवार यांनी ‘थीब’ (२०१४) चित्रित केला, तो तेथील बेदूइन रहिवाशांना भूमिका देऊन आणि त्यांच्याच बोलीत. त्यात वाळवंट हे पार्श्वभूमीचे रंगीत कापड नसून विहिरी, वाटा व पाहुणचाराचे नियम ज्ञात असलेल्या एका मुलाचे घर आहे. खोरे तेच राहिले आणि पाहणारा डोळा बदलला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या या संस्थेने पाव शतकाहून अधिक काळ हा बदललेला डोळा गावोगावच्या प्रेक्षकांपुढे नेऊन ठेवला. येमेनी दुकानदार, पॅलेस्टिनी आजी, इजिप्शियन अभियंता, अरबी विसरत चाललेली त्यांची नातवंडे आणि अरबांविषयी केवळ बातम्यांतून ऐकलेला शेजारी यांना तिने एका अंधाऱ्या प्रेक्षागृहात शेजारी-शेजारी बसवले, आणि त्या सर्वांना पडद्याच्या तळाशी उमटणारी एकच ओळ वाचायला लावली. ‘सिनेमायात’ हे नाव पुढे मागे पडले असले, तरी त्यातील अनेकवचनाचा प्रत्यय संस्थेच्या प्रत्येक मुक्कामावर कायम राहिला आहे, आणि तिच्या कार्याचे सार त्या एका प्रत्ययात सामावलेले आहे.